गौरीच्या गोळ्या

"बघा गो, बघा! याला म्हनतात सून!"

सासूबाई माजघरातून ओटीवर आल्या त्या हात उंच धरूनच. ओटीवर आम्ही चारपाच जणी ओवशाच्या, म्हणजे गौरीला ओवाळून द्यायच्या सुपांना दोरे गुंडाळत बसलो होतो. सासूबाईंच्या हातात गोळ्यांची पट्टी होती आणि ती माझी होती. माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत मी ती इतकी खोल दडवली होती, की काढताना मलाच कोपरापर्यंत हात घालावा लागे. ओवशाला नेसायचा शालू जरा वाऱ्यावर टाकावा म्हणून त्यांनी कोनाड्यातली किल्ली घेऊन ट्रंक उघडली होती.

"ओढ्यावरचा साकव व्हावून गेला, बाजार बंद, आता गौरीच्या गोळ्या आनायच्या कुटनं म्हनून मी जीव आटवते, नि ह्या पोरीनं आदीच आनून ठेवल्यान! नि बोलतेय का बघा एक सबूद!"

मी कशी बोलणार? माझ्या हातातलं दोऱ्याचं रीळ घरंगळत पायरीपर्यंत गेलं.

गौरीच्या गोळ्या म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. आमच्या वाडीत त्यांना दुसरं नावच नव्हतं. गौर घरात आणि घरची बाई बाजूला बसलेली, असं झालं की सण गेला. म्हणून दर भादव्यात कुणीतरी एक जण तालुक्याच्या मेडिकलमधून सगळ्यांसाठी त्या घेऊन यायची आणि जिला लागतील तिला वाटायची. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. सासऱ्यांदेखत मागितल्या तरी चालायच्या. माझ्या ट्रंकेतल्या गोळ्या मात्र त्या नव्हत्या. या मूल न होऊ देण्याच्या होत्या, आणि त्यांचं नाव वाडीत चारचौघींत कुणी काढलं असतं तर पुढचे सहा महिने पाणवठ्यावर दुसरा विषय निघाला नसता.

वैशाखात माझं लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बारावी झालेली, आणि रत्नागिरीला नर्सिंगच्या कोर्सला नाव लागलेलं. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. दिवस राहिलेल्या मुलीला आम्ही ठेवून घेत नाही, असं तिथल्या बाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं. आणि माझ्या गळ्यातलं नवं मंगळसूत्र बघून त्यांनीच हातात गोळ्या ठेवल्या होत्या. माझा नवरा विलास मुंबईला छापखान्यात होता. त्याला मी विचारलं तर म्हणाला, "तुजा तू बघ. आईला कळू देऊ नको म्हंजे झाला." त्याच्या परीनं तो पाठिंबाच होता.

वाडीतले बाकीचे पुरुषही मुंबईलाच. ते गणपतीला यायचे आणि शिमग्याला यायचे, त्यामुळे वाडीत मुलं जन्मायची तीही दोनच हंगामांत. आंबे संपता संपता, नाहीतर थंडी पडता पडता. नव्या सुनेनं पहिल्या वर्षी गौरीपुढे हात जोडायचे आणि दुसऱ्या वर्षी मांडीवर मूल घेऊन गौरीपुढे बसायचं, हा नेम. कुणी तो लिहून ठेवला नव्हता, पण मोडलेलाही कुणी बघितला नव्हता. त्यातून त्या वर्षी गौर पावसाच्या पूर्वा नक्षत्रात येत होती. पूर्वेची गौर असली तरच नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो, नाहीतर सुपं माळ्यावर टाकून पुढच्या पूर्वेची वाट बघत बसायचं. तेव्हा माझ्या ओवशाचं कौतुक माझ्यापेक्षा सासूबाईंनाच जास्त होतं.

"भागीव्हनी, मालापन दे गो चार," शेजारची सुमतीकाकी सासूबाईंना म्हणाली. "माजी तारीक नेमकी गौरीवरच येतेय."

ही सुमतीकाकी पस्तिशीच्या आतली, हसरी बाई. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दर गौरीला ती एकच मागणं मागायची आणि सगळ्या वाडीला ते माहीत होतं. तिनं हात पुढे केला. 'काकी, तू नको घेऊस' एवढं म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. सासूबाईंनी कातरीनं पट्टीचा तुकडा कापला आणि तिच्या हातावर ठेवला. उरलेली पट्टी माझ्याकडे आली.

"तू पन कालपासनं चालू केलीस काय? नाय? मग आजपासनं घे. इसरशील, मीच देते."

आणि खरंच त्या देऊ लागल्या. रोज सकाळी चुलीवर चहा ठेवला की सासूबाई पाण्याचा पेला घेऊन माझ्यापुढे उभ्या. मी गोळी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. ज्या बाईला पुढच्या गौरीला नातू हवा होता ती स्वतःच्या हातानं मला रोज ती गोळी चारत होती. मला हसूही यायचं आणि रडूही. पेला रिकामा करून मी मान खाली घालायची, आणि त्यांना वाटायचं, किती गुणी पोर.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मुंबईकर आले. साकवाच्या जागी गावकऱ्यांनी ओंडके टाकले होते, त्यावरून ट्रंका, खोकी, पोरांसाठी आणलेले फुगे, सगळं डोक्यावरून आलं. विलास आला, मामंजी आले. सुमतीकाकीचा नवरा रामा आला. तो मुंबईत एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता. घराघरांत दिवे लागले, टाळ वाजू लागले, आणि मी मनाशी म्हटलं की आता गौर एकदा गेली म्हणजे सुटले.

गौरीपूजनाच्या दुपारी आमच्या माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. भावकीतली मोठी गौर आमच्याकडे बसायची. तेरड्याची गौर, तिला मुखवटा, हिरवं लुगडं, अंगभर दागिने. वाडीच्या गावकाराची, म्हणजे मानाच्या घरची ठकूकाकी पाटावर बसून सगळं करवून घेत होती. तिच्या शब्दाशिवाय आमच्याकडे कुणाची पाचपरतावन, म्हणजे नव्या नवरीची माहेरफेरी, होत नसे की कुणाचं बारसं. मी शालू नेसून, काकडी, पानं, फळं भरलेलं सूप हातात घेऊन उभी होते. माझ्यामागे सासूबाई त्यांची सुपं घेऊन. वीस वर्षांवर त्यांचा ओवसा एकदाही चुकला नव्हता, आणि हे त्या सांगायच्याही वरचेवर. बाहेर ओटीवर पुरुष बसले होते.

तेवढ्यात सुमतीकाकी आत आली. सणाची साडी नेसलेली, पण केस सुटलेले, डोळे सुजलेले. तिच्या मुठीत पट्टीचा तो तुकडा होता.

"भागीव्हनी, ह्या कसल्या गोळ्या दिल्यास माला?"

"गौरीच्या. का गो, तरास झाला काय?"

"गौरीच्या नायत ह्या!" तिचा आवाज फाटला. "पोर न व्हायच्या हायत. हे म्हनतात, हास्पिटलात मी रोज बघतो ह्या. माला म्हनतात, मी वर्सातून दोनदा येतो नि तू गोळ्या खातेस? तुलाच पोर नको हाय, नि नाव माज्यावर! घरातनं जा म्हनाले माला. आज. गौर घरात असताना."

ती मटकन खाली बसली. गाणी थांबली. ओटीवरचे आवाजही थांबले, म्हणजे तिकडेही सगळं ऐकू जात होतं.

ठकूकाकीनं तो तुकडा घेतला, उजेडात धरला. तिलाही वाचता येत नव्हतं, पण धरला.

"कुनाच्या ह्या?"

उत्तराची गरजच नव्हती. पट्टी माझ्या ट्रंकेतून निघाली हे त्या दिवशी ओटीवर बसलेल्या सगळ्यांनी बघितलं होतं. एकेक मान माझ्याकडे वळली. आधी माझ्या तोंडाकडे, मग पोटाकडे. पहिलाच ओवसा, अंगावर लग्नाचा शालू, आणि ही मुलगी मूल नको म्हणते. मला दिसत होतं पुढे काय होणार ते. विलासला ओटीवर सगळ्यांदेखत विचारतील आणि तो काही बोलणार नाही. कोर्सचं नाव कायमचं बंद. मला माहेरी पाठवतील, नाहीतर ठेवून घेतील आणि पुढच्या आंब्यांपर्यंत माझ्या पोटावर पहारा ठेवतील. पण सुमतीकाकी खाली बसून रडत होती. मी गप्प राहिले तर तिचं घर जात होतं. मी तोंड उघडलं.

"माज्या हायत," सासूबाई म्हणाल्या.

ठकूकाकीला नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. "कुनाच्या?"

"माज्या. माज्या ट्रंकेला कुलूप नाय, हिच्या ट्रंकेला हाय. म्हनून तिच्या शालूत ठेवल्या मी. त्या दिवशी काढाय गेली, तर तुमी सगळ्या ओटीवर. हातात पट्टी दिसली तुमाला, मग गौरीच्या म्हनून सांगितला. काय सांगनार होती?" मग त्या खाली वाकल्या आणि सुमतीकाकीच्या पाठीवर हात ठेवला. "सुमती, चूक माजी हाय. तू मागितल्यास, नि नाय म्हनाय माला तोंड नवता. रामाला बोलव. त्याला मी सांगते. तुजा यात काय नाय."

"भागी!" ठकूकाकी म्हणाली. "सून आली गो घरात तुज्या!"

याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. सून घरात आली की आमच्याकडे सासूनं म्हातारं व्हायचं असतं. मग ती चाळिशीचीही नसेना का. नवऱ्याशेजारी बसायचं नाही, केसात फूल माळायचं नाही, आणि बाकी सगळं संपलं असं वागायचं. सुनेबरोबर सासूलाही दिवस राहिले तर त्या बाईनं पाणवठ्यावर तोंड दाखवायची सोय नसते. माझ्या सासूबाई तर भर माजघरात, गौरीसमोर, ओटीवर नवरा बसलेला असताना सांगत होत्या की आमचं अजून संपलेलं नाही.

"सून आली म्हनून नवरा काय गोठ्यात झोपतो काय?" त्या म्हणाल्या.

मागे कुणीतरी फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर पदर घेतला. ओटीवर मामंजी खाकरले. मग त्यांच्या वहाणा पायऱ्या उतरून गेलेल्या ऐकू आल्या.

"लाज नाय वाटत तुला?"

"वाटते. म्हनून तर लपवल्या."

सासूबाईंचं तोंड लाल झालं होतं, मानेपर्यंत. पण नजर ठकूकाकीवरून हलली नव्हती. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. चार महिने मी या बाईच्या घरात राहत होते. भात किती शिजवायचा, विहिरीवर कोणत्या वेळी जायचं, देवळात कुठे उभं राहायचं, यापलीकडे त्या माझ्याशी काही बोलल्या नव्हत्या. मी त्यांना साधी, थोडी कटकटी बाई समजत होते. माझ्यासमोर ही कोण उभी आहे तेच मला कळेना.

"आज सुपाला हात लावू नको," ठकूकाकी म्हणाली. "गौरीला तुज्या हातचा ओवसा नको."

सासूबाईंनी आपली सुपं एकात एक घातली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ठेवली.

"बरा. पन माज्या सुनेचा थांबवू नका. पूर्वा परत कवा येते कुनाला ठाव."

मी ओवसले. कसं ओवसले ते मला आठवत नाही. पहिलं सूप सासूला द्यायचं आणि पाया पडायचं, म्हणून मी दाराशी गेले. बायका बघत होत्या. मी वाकले, आणि सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नेहमीचा आशीर्वाद दिला, "म्होरच्या गौरीला पाळना हालू दे." देताना माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट दाबलं की दोन बांगड्या वाढल्या.

रामाला त्यांनी त्याच संध्याकाळी अंगणात उभं करून सांगितलं. चार गोळ्यांनी काही होत नसतं हे त्यालाही हॉस्पिटलात ऐकून माहीत होतं, नुसता राग आला होता. त्यानं बायकोला घरात घेतलं. सुमतीकाकीला पुढे मुलगा झाला, पण त्याला बराच काळ गेला, आणि त्याचा या गोळ्यांशी काही संबंध नव्हता. इतकी वर्षं तिला सगळ्या देवांना नेलं होतं, डॉक्टरकडे नेलं नव्हतं. रामाला तर तपासायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, हॉस्पिटलात नोकरी करून त्याच्यासुद्धा.

गौर गेली, गणपती गेले. विलासची सुट्टी कमी होती, तो परतला. जाताना मला म्हणाला, "आईनं असा करायला नको होता." मी त्याला सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण ते सांगणं माझं नव्हतं. मामंजी अजून घरी होते आणि सासूबाईंशी एक शब्द बोलत नव्हते. पाणवठ्यावर सासूबाई गेल्या की बायका कळशी उचलून चालू लागायच्या. त्या मात्र नेहमीसारख्या कामाला जुंपलेल्या.

एका सकाळी आम्ही दोघी बांधावर गुरांसाठी गवत कापत होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी विळा खाली ठेवला.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"त्या कसल्या गोळ्या आहेत ते. ट्रंकेत सापडल्या तेव्हा."

"नाय गो. माला वाचता कुटं येता? गौरीच्याच वाटल्या."

"मग कळलं कधी?"

"सुमती बोलली तेवा. सगळ्यांना कळला तेवाच."

मला वाटत होतं, त्यांनी आधीच ओळखलं असणार, मनाशी काही ठरवलं असणार. तसं काहीच नव्हतं. ठकूकाकीनं 'कुनाच्या' विचारलं आणि माझं तोंड उघडलं, तेवढ्या एका श्वासात या बाईनं सगळं ओळखलं होतं आणि आपली चाळीस वर्षांची अब्रू काढून माझ्यापुढे अंथरली होती. पुढे मी नर्स झाले. बाळंतपणं केली, मरणं बघितली, धीराची माणसंही पुष्कळ बघितली. पण त्या श्वासाइतकं मोठं मी काही बघितलेलं नाही.

"तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला. आला नायतर काय! घरात पयला नातू यायचा, नि तू गोळ्या खातेस. पन राग नंतर केला. त्या टायमाला तेवडा येळ नवता."

"मग का बोललात?"

त्यांनी गवताची पेंढी बांधली, बाजूला ठेवली, दुसरी कापायला घेतली.

"तुज्या वयाची होती तेवा इलास पोटात होता माज्या. त्याच्या पाठी पाच येळा दिवस गेले. दोन पोरी जगल्या, त्या सासरी गेल्या. शेवटच्या टायमाला सुईन म्हनाली, भागी, परत पोटुशी राहिलीस तर तू वाचायची नायस. आपरेशन करते म्हनली मी. सासू म्हनाली, एकच झील हाय, एका पोराचा काय धरायचा? सासू गेली, तरी आपरेशन कुनी नाय केला." विळा चालतच होता. "आट वर्सा झाली त्याला. एसटी फाट्याला थांबली की वाडी सगळी धावते. मी पन धावते. हसते. नि मनात पाळीचे दिवस मोजते. वर्सातून दोनदा येतो मानूस, त्याला नाय कसा म्हनायचा? म्हनून माजे ते उपास. सोमवार, चतुर्थी, असले नसले सगळे धरते. उपास हाय म्हटला की बाजूला निजता येता. पन रोजचा रोज कुटला उपास आनू?"

वाडीत सासूबाईंच्या उपासांचं केवढं कौतुक होतं. मीही आल्या आल्या त्यांच्या देवभक्तीपुढे दबून गेले होते.

त्या थांबल्या. विळ्याचं पातं त्यांनी गवतावर पुसलं. मग माझ्याकडे न बघता बोलल्या, आणि आता आवाज एकदम लहान झाला होता. माजघरात भरल्या बायकांत जो आवाज हलला नव्हता, तो इथे हलत होता.

"माज्या हायत म्हनून मी सांगितला खरा. पन असला काय असता, मालाच ठाव नवता गो. माज्या वयाच्या बाईला चालतात काय त्या?"

मामंजींची रजा अजून संपायची होती. मी बांधाखालच्या ओढ्यात हात धुतले.

"कोणतं चालेल ते रत्नागिरीच्या बाई तपासून सांगतील," मी म्हणाले. "दुपारची एसटी धरू. उद्या जाऊ की आजच?"

सासूबाई उठल्या होत्या. कापलेलं गवत तसंच बांधावर टाकून, लुगडंसुद्धा न बदलता, त्या फाट्याच्या दिशेनं चालू लागल्या.